लाकडी कुंडी : आधी बूड, मग शोभा



मागच्या श्रावणात सीताबर्डीच्या एका दुकानातून आमच्या गटाच्या तेरा कुंड्या परत आल्या. दिल्या होत्या वीस. सागवानाच्या, गुळगुळीत घासलेल्या, आतून-बाहेरून व्हार्निश मारलेल्या. परत आल्या तेव्हा कुणाचा कोपरा उघडलेला, कुणाची बाजूची फळी बाहेर ढकललेली, खिळ्यांभोवती काळे डाग. एका कुंडीत तर वडाचं रोपटं मुळाशी सडलेलं. दुकानदार ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, दिसायला एक नंबर आहेत. पण यात झाड जगत नाही."

गटातल्या थोरल्या काकूंनी एक कुंडी उलटी करून पाहिली अन् म्हणाल्या, "काहून फुटली माय? लाकूड तं पक्कं होतं!"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही कुंडी करायला शिकलो. गटातून ४,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज काढलं होतं. त्याचे दोन हप्ते आम्हाला वर्गणी काढून भरावे लागले. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून हा पाठ लिहिते आहे. बैठकीत मोठ्यानं वाचा, मापं वहीत उतरवून घ्या.

बोन्सायला लाकडी कुंडी कशाला?

बोन्साय हा जपानी शब्द. 'बोन' म्हणजे उथळ ताट किंवा तबक, 'साई' म्हणजे लावलेलं झाड. ही कला मूळची चीनची, पुढं जपानात वाढली. झाड जातीनं बुटकं नसतं. आपला वड, उंबर, पिंपळ, चिंच, बोगनवेल, कामिनी हीच झाडं फांद्या छाटून, तारेनं वळण देऊन अन् मुळं कापून लहान ठेवतात.

प्रदर्शनात दिसते ती चकचकीत चिनी मातीची कुंडी शेवटची. त्याआधी काही वर्षं झाडाला खोड जाड करायला, मुळं पसरायला जरा मोठं, मोकळं भांडं लागतं. त्यासाठी जपानातले बागवानसुद्धा साधे लाकडी खोके वापरतात. आपल्याला करायची आहे ती हीच, वाढत्या झाडाची कुंडी.

नागपूरच्या हवेत तिचा आणखी एक फायदा आहे. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ अंशांवर जातो. सिमेंटची, पत्र्याची कुंडी अशी तापते की कडेची मुळं भाजून निघतात. लाकडातून उष्णता हळू जाते, मुळं वाचतात.

पण लाकडी कुंडी जन्मभर टिकत नाही. ओली माती आत असल्यावर लाकूड कधी ना कधी कुजणारच. चांगली केलेली कुंडी काही वर्षं काम देते, आणि वड-उंबरासारख्या झाडाची माती दर दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते. म्हणजे एक-दोन वेळा माती बदलेपर्यंत कुंडी टिकली तर तिनं आपलं काम केलं. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपाननं १९७६ मध्ये भेट दिलेलं एक पाइनचं बोन्साय आहे. १६२५ पासून ते कुंडीत वाढवलं जातंय, १९४५ चा हिरोशिमाचा बॉम्बही त्यानं सोसला. इतक्या वर्षांत त्याची भांडी बदलत गेली, झाड राहिलं. आपली कुंडी झाडासाठी आहे, हे विसरायचं नाही.

आमच्या तीन चुका

पहिली चूक बुडाची. आम्ही बुडाला एकच रुंद फळी चारही बाजूंनी घट्ट बसवून चिकटवली. लाकूड ओलं झालं की लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगतं. २०-२२ सेंटीमीटर रुंदीची फळी भिजल्यावर अर्धा-पाऊण सेंटीमीटर सहज पसरते. तिला जागाच नाही म्हटल्यावर ती बाजूच्या फळ्या ढकलणार. काकूंच्या 'काहून'चं उत्तर हे. लाकूड पक्कं होतं, पण त्याला फुगायला जागा आम्ही ठेवली नव्हती.

दुसरी चूक लोखंडी खिळ्यांची. खिळे गंजले अन् सागाच्या रसाशी लोखंडाचा संबंध येऊन काळे डाग पडले.

तिसरी चूक पाण्याच्या वाटेची. मधोमध एकच भोक, तेही बोटाएवढं, अन् कुंडी जमिनीला टेकलेली. पाणी आत साचलं, मूळ सडलं. आतून व्हार्निश मारलं म्हणून लाकूड वाचेल असं वाटलं होतं. पण व्हार्निशला चिरा पडल्या, पाणी फळीत शिरलं अन् मग बाहेर निघेना.

चौथी चूक वहीतली होती. ती हिशोबात सांगते.

लाकूड कोणतं घ्यायचं?

आपला विदर्भ सागवानाचा. बल्लारपूर, आलापल्लीचं सागवान देशभर नावाजलेलं आहे, दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरहून गेलेलं सागवान आहे. सागात नैसर्गिक तेल असतं म्हणून त्याला वाळवी आणि कुज लवकर लागत नाही. पण फळीच्या कडेचा फिका, पिवळसर भाग कच्चा असतो. तो आधी कुजतो. गडद भागच घ्या.

नवी फळी विकत घेतली तर आपल्याला परवडत नाही. आरा मशीनवर अन् फर्निचरवाल्याकडं उरलेले तुकडे मिळतात. नागपुरात लकडगंजचा बाजार त्यासाठीच आहे. जुन्या दारं-खिडक्यांच्या चौकटींचं लाकूडही उत्तम, कारण ते वाळून स्थिर झालेलं असतं. खिळे तेवढे काढून घ्या, अन् जुना रंग असेल तो भाग वापरू नका, त्यात शिसं असू शकतं.

• आंब्याचं लाकूड स्वस्त असतं, पण लवकर कुजतं. शिकायला घ्या, विकायला नको.
• प्लायवूड आणि दाबलेल्या भुशाचे बोर्ड पाण्यानं सुटतात. ते घेऊच नका.
• मालाच्या पेट्यांचं लाकूड घेतलंत तर त्यावरचा शिक्का बघा. इंग्रजीत 'एचटी' असेल तर ते फक्त तापवलेलं आहे, चालेल. 'एमबी' असेल तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवा : स्वतःच्या धुऱ्यावरचा सागसुद्धा परवानगीशिवाय तोडायचा नाही. महाराष्ट्रात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे आणि सागाच्या वाहतुकीला पास लागतो. तुकडे घेताना पावती मागा अन् ती गटाच्या फाइलीला लावा. उद्या कुणी विचारलं तर तोंडी सांगण्यापेक्षा पावती दाखवता येते.

माप

साधारण दीड फूट उंचीच्या झाडासाठी हे माप धरा. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश असावी, असा बोन्सायवाल्यांचा ढोबळ नियम आहे.

आतलं माप : लांबी ३० सें.मी., रुंदी २२ सें.मी., खोली ९ सें.मी.
फळीची जाडी : २ सें.मी.

एका कुंडीला लागणारे तुकडे :
• लांब बाजू : ३४ सें.मी. लांब, ९ सें.मी. उंच – २ नग
• आखूड बाजू : २२ सें.मी. लांब, ९ सें.मी. उंच – २ नग
• बुडाच्या पट्ट्या : २६ सें.मी. लांब, ६.२ सें.मी. रुंद – ५ नग
• पाय : ४ सें.मी. चौरस, २ सें.मी. जाड – ४ नग

म्हणजे ९ सें.मी. रुंदीची सव्वा मीटर आणि ६.२ सें.मी. रुंदीची दीड मीटर पट्टी पुरते. करवतीत जाणारा भुसा यात धरला आहे. पायांचे ठोकळे उरलेल्या तुकड्यांतून निघतात. पहिल्या खेपेला कापणी अन् रंधा गावातल्या सुतारदादांकडून करून घ्या. त्यांच्याजवळ बसून बघा, गुण्या कसा लावतात ते शिकून घ्या. कोपरा काटकोनात नसेल तर पुढचं सगळंच वाकडं जातं.

कृती

१. तुकडे सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस ठेवा. दोन थरांच्या मध्ये काड्या घाला, म्हणजे हवा खेळते. ओलं लाकूड जोडलं तर वाळल्यावर फटी पडतात.

२. आतली बाजू हलकी भाजून घ्या. शेतातल्या खांबाचं बूड जाळून मग पुरतात ना, तीच युक्ती. जपानात अशा भाजलेल्या लाकडाला 'याकीसुगी' म्हणतात. चुलीच्या जाळावर फळी फिरवा, वरचा पातळ थर काळा झाला की बस. पूर्ण गार झाल्यावर तारेच्या ब्रशनं घासून काजळी काढा. हे काम अंगणात करा, पदर खोचून, शेजारी पाण्याची बादली ठेवून.

३. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या, ५ सें.मी. लांबीचे. आधी गिरमिटानं बारीक भोक पाडा, मग स्क्रू पिळा. भोक न पाडता स्क्रू घातला तर फळीचं टोक चिरतं.

४. आखूड बाजू दोन लांब बाजूंच्या मध्ये धरा. लांब बाजूच्या बाहेरून प्रत्येक कोपऱ्यात दोन-दोन स्क्रू घाला. पाण्यात न सुटणारा लाकडाचा डिंक या चार सांध्यांना लावा, बुडाला अजिबात नको.

५. चौकट उलटी ठेवा. बुडाच्या पाच पट्ट्या आडव्या, म्हणजे एका लांब बाजूवरून दुसऱ्या लांब बाजूवर ठेवा. दोन पट्ट्यांच्या मध्ये पाऊण सेंटीमीटर फट सोडा. हा या पाठाचा गाभा आहे. पट्टी ओली होऊन फुगली तरी फट उरते अन् पाणी त्यातूनच जातं.

६. प्रत्येक पट्टीला दोन टोकांना एकेकच स्क्रू घाला, रुंदीच्या बरोबर मध्यावर. दोन-दोन घातले तर पट्टीला फुगता येत नाही, ती चिरते.

७. चार कोपऱ्यांखाली चार पाय बसवा. खालून हवा खेळली की बूड वाळतं.

८. बाहेरून पॉलिश पेपरनं घासा. मग जवसाचं तेल लावा. जवस आपल्याकडचंच पीक, पण कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं. रंगाच्या दुकानात लवकर वाळणारं 'बॉइल्ड लिनसीड' मिळतं, ते घ्या. घरी कढईत तेल उकळून ते तयार होत नाही, उलट भडका उडतो. पातळ हात द्या, पाव तासानं जास्तीचं पुसा, तीन दिवस वाळू द्या, मग दुसरा हात. आतून काहीच लावू नका. गाडीचं जळालेलं ऑइल, डांबर, वाळवीचं औषध हे मुळांना मारतं.

सावधान : जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी चुरगळून ढीग करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. एकेक फडकं उलगडून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि घासताना नाका-तोंडाला रुमाल बांधा, सागाच्या भुशानं शिंका येतात, अंगाला खाज सुटते.

पाण्याची परीक्षा

कुंडी रिकामी असताना पाणी फटीतून लगेच निघून जाईल, त्यानं काही कळत नाही. म्हणून आत प्लास्टिकची बारीक जाळी अंथरा, माती भरा अन् मग एक तांब्या पाणी ओता. पाणी वर साचून न राहता खालून गळायला लागलं पाहिजे. गळणं थांबल्यावर कुंडी तिरकी करा. आणखी धार आली, तर पाणी आत अडलंय. फट बुजली असेल ती मोकळी करा.

माती कोणती? आपली काळी माती इथं चालत नाही. पाण्यानं ती फुगते, चिकट होते, वाळली की भेगाळते. विटांचे बारीक तुकडे चाळणीनं चाळून घ्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढे किंवा त्याहून जरा लहान. त्यात जाड वाळू अन् कुजलेलं खत मिसळा. बारीक पूड चाळून टाकून द्या, तीच फटी बुजवते. ओल्या मातीनं भरलेली कुंडी चांगलीच जड होते, उचलून बघा. सांधे करकरले तर ती विकायची नाही.

झाड हलू नये म्हणून बुडाच्या फटीतून अॅल्युमिनियमची तार वर घेऊन मुळांना बांधतात. त्यासाठी वेगळी भोकं पाडायला नकोत, हा या बुडाचा आणखी एक फायदा.

आता चौथी चूक : हिशोब

खालचे आकडे आमच्या गटाचे आहेत. तुम्ही आपल्या बाजारातले भाव घाला. पण एकही ओळ गाळू नका.

एका कुंडीचा खर्च :
लाकूड – ११० रु.
स्क्रू, जाळी, तार – ३० रु.
तेल, पॉलिश पेपर, डिंक – २० रु.
सुताराची कापणी – २५ रु.
जाणं-येणं (वाटून) – २० रु.
मोडतोड, वाया गेलेलं – २० रु.
आपली मजुरी, अडीच तास, ताशी ६० रु. – १५० रु.
एकूण – ३७५ रु.

पहिल्या वेळी आम्ही फक्त वरच्या चार ओळी लिहिल्या. बेरीज १८५. कुंडी २२० ला दिली अन् ३५ रुपये नफा झाला म्हणून खूश झालो. वीस कुंड्यांचे ७०० रुपये! प्रवास अन् मोडतोड धरली असती तर खर्च २२५ होता. म्हणजे एकही कुंडी परत आली नसती, तरी दर कुंडीमागं पाच रुपये तोटाच होता. आणि आमचे अडीच तास? ते वहीत कुठंच नव्हते. वीस कुंड्यांचे पन्नास तास आम्ही फुकट दिले.

सख्यांनो, आपण स्वयंपाक, झाडलोट, गुरंढोरं सगळं बिनहिशोबी करतो, म्हणून हाताच्या कामालाही पैसे लावायचे हे आपल्याला सुचतच नाही. सुतारदादांचे पंचवीस आम्ही न विसरता लिहिले, स्वतःचे दीडशे विसरलो. म्हणून आता आमच्या वहीत मजुरीची ओळ सगळ्यांत वर असते. ३७५ वर ७५ रुपये गटाचा नफा धरून आमचा भाव ४५० ठरला.

बर्डीला विकताना

बर्डीची गर्दी कुणाला सांगायला नको. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथंच भेटतात, गावोगावचं गिऱ्हाईक तिथं येतं. पण गर्दी आहे म्हणून फुटपाथवर माल मांडून बसता येत नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, विक्रीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर माल उचलला जातो. आपल्याला बरं पडतं ते दुकानं, रोपवाटिका अन् बचत गटांची प्रदर्शनं.

• दुकानदाराशी व्यवहार लिहून करा : किती नग, काय भाव, पैसे कधी, खराब निघाली तर काय.
• प्रत्येक कुंडीला चिठ्ठी बांधा : सागवान, बाहेरून जवस तेल, सहा महिन्यांनी तेलाचा हात द्यावा, पाय काढू नये, खाली ताटली ठेवली तर पाणी साचू देऊ नये.
• वटपौर्णिमेच्या आधी माल तयार ठेवा. शहरातल्या काही बायका आता फांदी तोडून आणण्यापेक्षा कुंडीतल्या वडाला पूजतात. त्यामुळं वडाच्या तोडलेल्या फांद्या वाचतात अन् आपली कुंडीही विकली जाते.
• नवा नमुना आधी आपल्याच अंगणात एक पावसाळा ठेवा. लोकांच्या पैशावर परीक्षा घ्यायची नाही.

परत आलेल्या तेरा कुंड्यांची बुडं आम्ही उखडली अन् पट्ट्या घालून पुन्हा जोडल्या. आठ सुधारल्या, पाच जळणात गेल्या. नव्या कुंड्या घेऊन त्याच दुकानात गेलो. भाव ४५० ऐकून दुकानदार म्हणाला, "ताई, दुपटीच्या वर झाला की!" काकूंनी कुंडी उलटी करून फटी दाखवल्या, वहीतली मजुरीची ओळही दाखवली. त्यानं वीस नाही घेतल्या, सहाच घेतल्या. घरी येताना मन थोडं खट्टू होतं. पण त्या सहा कुंड्यांतून ९०० रुपये मजुरी ज्या तिघींनी काम केलं त्यांच्या हातात पडली अन् ४५० गटाच्या खात्यात गेले. अजून त्यातली एकही परत आलेली नाही.

पुढच्या बैठकीसाठी

१. गटात करवत, रंधा धरायला कोण तयार आहे? आधी दोनच कुंड्या करा, वीस नको.
२. आपण सध्या जे विकतो, पापड, लोणचं, कुंडी काहीही असो, त्याच्या हिशोबात मजुरीची ओळ आहे का? वही उघडून बघा.
३. कच्च्या मालाच्या पावत्या कुणाकडं असतात? एका सखीवर जबाबदारी द्या अन् ठराव लिहा.

कुंडी विकत घेणारा ती वरून बघतो. तुम्ही मात्र द्यायच्या आधी एकदा उलटी करून बूड बघा.